त्या नऊ जणांची नावं सांगा

पत्र

ताई, नमस्कार.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात आमची छोटी संस्था आहे. दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं ऊसतोडीला निघतात, बहुतेक गुजरातेत बारडोलीच्या बाजूला. मुलं सोबत गेली की त्यांची शाळा सुटलीच. म्हणून सहा वर्षांपासून नोव्हेंबर ते मार्च आम्ही त्यांना गावातच ठेवून घेतो. झोपायला आजी-आजोबांकडे, दोन वेळचं जेवण आणि अभ्यास आमच्याकडे. गेल्या हंगामात 38 मुलं होती. किराणा, भाजी, गॅस मिळून महिन्याला 41 हजार लागतात. आजवर आमचे अध्यक्ष आप्पा यांच्या ओळखीतल्या दोन व्यापाऱ्यांवर चाललं. त्यातले एक गेल्या वर्षी वारले आणि दुसऱ्यांनी धंदा मुलाकडे दिला.

दीड वर्षापूर्वी फेसबुक पेज काढलं. 4,300 लाईक आहेत. तीन पोस्ट बूस्ट केल्या, त्यात 3,500 रुपये गेले. वर्षभरात ऑनलाइन देणगी आली 11,200 रुपये, नऊ जणांकडून. आप्पा म्हणतात, "या हाताचं त्या हाताला कळू नये, कामाचा गवगवा कशाला?" आमच्यातला एक तरुण म्हणतो, आपले फोटो फार हसरे आहेत, फाटक्या कपड्यातले रडवे फोटो टाका, मग बघा. तिसऱ्याचं म्हणणं, ब्लॉग काढा. आणि गावचेच एक गृहस्थ अमेरिकेत असतात, ते म्हणतात क्यूआर पाठवा, आजच लाख रुपये टाकतो. आम्ही नेमकं कुठून सुरुवात करावी?

– एक कार्यकर्ता, साक्री तालुका

उत्तर

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आकडे चोख दिलेत. मुलं किती, किराणा किती, लाईक किती, बूस्टला किती गेले, सगळं आहे. एकच गोष्ट नाही. ते नऊ जण कोण?

पासबुकात नावं असतील, यूपीआयच्या नोंदीत असतील. पण पत्रात तुम्ही व्यापाऱ्यांबद्दल, आप्पांबद्दल, अमेरिकेतल्या गृहस्थांबद्दल लिहिलंत आणि ज्यांनी खरोखर खिशात हात घातला ते मात्र "नऊ जण" एवढ्यावरच राहिले. त्यांना कुणी फोन केला का? पावती गेली का? त्यांच्या पैशातून आलेली डाळ मुलांनी खाल्ली, हे त्यांना कळलं का? मी पैज लावते, नऊपैकी सहा-सात जण तुमच्याच पंचक्रोशीतले निघतील. कुणी तुमच्या शिक्षक कार्यकर्त्याचा जुना विद्यार्थी, कुणी आप्पांच्या मेहुण्याचा जावई. परका माणूस पेज पाहून लाईक करतो. पैसे टाकायचे तर त्याला आधी कुणाचा तरी भरवसा लागतो.

बूस्टचं गणित थोडक्यात सांगते, कारण तुमचे 3,500 रुपये तिथेच मुरलेत. पेजवर टाकलेली पोस्ट फेसबुक तुमच्या सगळ्या लाईकवाल्यांना दाखवत नाही, थोड्यांनाच दाखवतं. जास्तीच्यांना दाखवायची तर पैसे घेतं. बूस्ट करताना तुम्हाला काय हवं ते ते विचारतं, आणि घाईत आपण जास्त प्रतिसाद मिळेल तो पर्याय दाबतो. मग ते प्रामाणिकपणे लाईक करणारी माणसं हुडकून आणतं. अशी माणसं दिवसाकाठी पन्नास ठिकाणी लाईक करतात. कीर्तन, क्रिकेट, मांजरीचं पिल्लू आणि मध्ये तुमची 38 मुलं. फेसबुकनं तुम्हाला फसवलं नाही. तुम्ही लाईक मागितले, त्यानं लाईक दिले.

आता खानदेशाकडे बघा. आपल्याकडच्या प्रत्येक गावाचं एक दुसरं गाव सुरतेत आहे. उधना, लिंबायत या भागांत अहिराणी बोलत जन्म काढता येतो. काही पुण्याला भोसरी-चिंचवडला गेले, काही नाशिकला सातपूर-अंबडच्या कंपन्यांत. तुमच्या मुलांचे आईबाप बारडोलीला ऊस तोडतात आणि तिथून तासाभराच्या अंतरावर त्याच गावाचा कुणीतरी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बारा तासांची पाळी करतो. त्याला तुमचं पेज माहीत नाही. पण गावच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो रोज रात्री पाळी सुटल्यावर असतो. कुणाकडे बोअरला पाणी लागलं, कुणाची म्हैस व्यायली, सगळं त्याला ठाऊक. तुमचा पहिला आधार तो आहे. लाखाचा चेक तो देणार नाही. महिन्याला 500 देईल, आणि देत राहील, कारण तुमच्याकडच्या दोन पोरांच्या बापाबरोबर तो विहिरीत पोहायला शिकला.

2014 साली डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची लाट आली होती, आठवत असेल. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला त्या एका उन्हाळ्यात 11 कोटी डॉलरहून जास्त मिळाले. लोकांना वाटतं ती बादलीची करामत. मला वाटतं करामत होती नावाची. ओतून घेणारा पुढच्या तिघांची नावं घेऊन त्यांना बोलवायचा. आपल्या माणसानं चारचौघांत आपलं नाव घेतलं की टाळता येत नाही. (साक्रीत एप्रिलमध्ये कुणी बर्फाचं पाणी ओतलं तर लोक उलट रांग लावतील, तो भाग वेगळा.) आपल्याकडे ही नाव घेऊन बोलवायची सोय आधीपासूनच आहे. कानबाईला, आपल्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, तुम्ही भाऊबंदांना बोलावता ते सर्वांसाठी एक जाहीर पोस्ट टाकून नाही. घर मोजून, नाव घेऊन निरोप जातो आणि एक घर राहिलं तर पुढची तीन वर्षं त्याची आठवण काढली जाते.

तर कानबाईच धरा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सुरत-पुण्याची माणसं रोटांसाठी, म्हणजे सणाच्या नैवेद्यासाठी, गावात येतात, सोमवारी विसर्जन होतं. तुमच्या पट्ट्यातली जी पाच-सहा गावं हा सण करतात, तिथे त्या सोमवारी दुपारी मारुतीच्या पारावर दहा मिनिटं मागून घ्या. भाषण नको. वहीत प्रत्येकाचं नाव, नंबर आणि तो कुणाच्या घरचा, एवढं लिहून घ्या आणि तिथल्या तिथे तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण सगळं तिच्यावरच अडतं. निरोप पाठवायचे ते व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो त्या सोयीतून. एका यादीत 256 जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो त्यांनाच तो निरोप पोचतो. बाकीच्यांना तो जातच नाही, आणि आपण मात्र लोकांना आस्था नाही म्हणून चिडत बसतो.

ग्रुप का नाही, असं विचाराल. ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि तिसऱ्या दिवशी गुलाबाच्या फुलांसकट शुभ सकाळ सुरू होते. चॅनेल काढलं तर नंबर झाकला जातो, पण तिथे माणूस फार तर अंगठा दाखवतो, तुमच्याशी बोलू शकत नाही. ब्रॉडकास्टचा निरोप ज्याच्या त्याच्या खासगी खिडकीत पडतो आणि तो तिथेच उलट लिहितो, "भाऊ, त्या सुक्याचा पोरगा आहे का यात?" या एका प्रश्नासाठीच हा सगळा खटाटोप करायचा. त्याला उत्तर द्या, त्याच दिवशी.

पाठवायचं काय? तुमच्या पेजवरच्या पोस्ट मी पाहिलेल्या नाहीत, पण अशा पेजवर साधारण काय असतं ते माहीत आहे. मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन, वह्यावाटपाच्या रांगेत एका वहीला धरलेले सहा हात, आणि खाली "समाजाप्रती असलेलं ऋण फेडण्याचा एक छोटासा प्रयत्न". ते थांबवा. त्याऐवजी एक आजी गाठा. नातू जिच्याकडे झोपतो अशी. फोन तिच्यासमोर ठेवा आणि अहिराणीत बोलू द्या. मागे कोंबडी ओरडली तरी चालेल. ती म्हणेल, "मना नातू आते पाढा म्हनस. माले येत नही, तोच शिकाडस." पन्नास सेकंदांचा तो आवाज लूमच्या पाळीवरून खोलीवर आलेल्या माणसानं कानाला लावला की त्याला स्वतःची माय ऐकू येते. अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितले जातात, ते बघणारी माणसं हीच. आपण मात्र त्यांच्याशी प्रकल्प अहवालाच्या मराठीत बोलतो.

आणि आकडा सांगायचा तर हातात धरता येईल असा सांगा. 41 हजार ऐकून लूमवाला हबकतो. तेच 38 मुलांत आणि 30 दिवसांत वाटा, एका मुलाचे दिवसाला 36 रुपये होतात. दोन वेळचं जेवण 36 रुपयांत. पाच महिन्यांचे सुमारे 5,400. आता "एका पोराचा हंगाम" हे माप झालं. कुणी पूर्ण हंगाम घेईल, चौघं मित्र मिळून एक घेतील, कुणी वाढदिवसाला एक दिवस सगळ्यांचं जेवण घेईल, ते पडतं 1,368 रुपये. या मापात माणसाला आपलं काम दिसतं. फक्त एक पथ्य पाळा. पोर देणाऱ्याला लावून देऊ नका, अमक्याचं पोर तमक्यानं दत्तक घेतलं असं नको. गावात ते पोराला आयुष्यभर ऐकावं लागतं. पैसे सगळ्यांच्या पातेल्यात.

आता तुमच्या तरुण मित्राच्या रडव्या फोटोंबद्दल. त्याच्यावर रागावू नका, तो चुकीचं बोलत नाही. तसे फोटो चालतात. मीही टाकलाय. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका संस्थेत काम करत होते तेव्हाची गोष्ट. एक सहा वर्षांची मुलगी, अंगावर उसवलेला फ्रॉक, हातात रिकामी ताटली. खरं तर तिचं जेवण झालं होतं आणि ताटली धुवायला ती नळाकडे चालली होती. फोटोत ते दिसत नव्हतं. दिसत होती ती भूक. मी टाकला, खाली दोन ओळी लिहिल्या, आणि त्या महिन्यात आमच्याकडे कधी नव्हे इतके पैसे आले. तीच मुलगी नववीत गेल्यावर एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भेटली. झोक्यावरून उतरून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तो फोटो काढता येईल का? शाळेत पोरं दाखवतात." मी त्याच रात्री काढला. पण तोवर तो आणखी दोन पेजवर गेला होता आणि एका ठिकाणी तर वर्गणीच्या फलकावर छापला होता, दुसऱ्याच गावाच्या नावानं. तो फोटो अजून कुठे फिरतोय ते मला माहीत नाही. तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

कायद्याची बाजूही बघून ठेवा. बाल न्याय कायदा 2015, कलम 74. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमची सगळी मुलं त्या व्याख्येत बसत नसतील, पण एखादं बसू शकतं आणि कोणतं ते फोटो टाकताना तुम्ही ताडून बघणार नाही. मग सोपं करा. चेहरे नकोत. हात घ्या, पाटी घ्या, दारातल्या 38 चपला घ्या. पाठमोरी रांग, भाकरी थापणाऱ्या मावशी (त्यांना विचारून), फळ्यावरचं चुकलेलं गणित. चपलांचा फोटो मी एकदा पाहिला होता. त्यात दोन वेगवेगळ्या जोडांच्या दोन चपला शेजारी नीट लावलेल्या होत्या. त्याच्याखाली लिहायला काही लागलंच नाही.

आप्पांकडे येते, कारण तुमची खरी अडचण पेज नसून आप्पा आहेत असं मला पत्राच्या सुरावरून वाटलं. आप्पांना मान द्या, पण त्यांना अमळनेरची आठवण करून द्या. साने गुरुजी तिथे प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत आणि छात्रालय सांभाळत, तेव्हा ते मुलांसाठी हातानं लिहिलेलं दैनिक काढत. रोज. छपाई नाही, वर्गणी नाही, वाचणारी छात्रालयातली मुलं. त्याला गवगवा कोण म्हणेल? घरातल्या माणसांना घरातली गोष्ट रोज सांगणं, एवढंच ते होतं. आणि तुमच्याच तालुक्यातला बारीपाडा घ्या. तिथल्या चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली ती गावानं वर्षानुवर्षं जंगल राखलं म्हणून. त्यांनी ते काम झाकून ठेवलं नाही. वनभाज्यांची स्पर्धा भरवली, लोकांना बोलावलं, जेवू घातलं. जंगलातल्या इतक्या प्रकारच्या भाज्या पुढ्यात मांडल्या की जंगल का राखायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये हे देणाऱ्यानं पाळायचं. घेणाऱ्या संस्थेला ते लागू नाही. ती दुसऱ्याच्या पैशावर चालते. तिचं या हाताचं त्या हातालाच नव्हे, सगळ्या गावाला कळलं पाहिजे. आप्पांना हे पटेल. नाही पटलं तर त्यांनाच दर महिन्याला एक पान लिहायला सांगा. गवगव्याला विरोध करणारी माणसं बहुतेक वेळा फार सुरेख लिहितात.

आणि ते पान ब्लॉगवर जाऊ द्या. तुमच्या तिसऱ्या मित्राचं म्हणणं बरोबर आहे, पण ब्लॉगचं काम काय ते त्याला विचारा. ब्लॉगवर गर्दी येणार नाही. ब्लॉग म्हणजे संस्थेची वही. व्हॉट्सॲपवरचा निरोप चार दिवसांत वाहून जातो, फेसबुकवरची पोस्ट मलाही सापडत नाही. पण पुढे कधी एखाद्या कंपनीचा सीएसआरवाला (समाजकार्याचा निधी बघणारा) किंवा पुण्याचा एखादा निवृत्त मास्तर तुमचं नाव टाकून शोधेल तेव्हा त्याला सहा वर्षांचं काम एका ठिकाणी दिसलं पाहिजे. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर फुकट जागा मिळते. महिन्याला एक पान पुरे. त्यात मुलं किती आली, किती मध्येच गेली आणि का गेली, किराणा किती झाला, काय फसलं. फसलेलं नक्की लिहा. "जानेवारीत चार मुलांना आईबाप येऊन घेऊन गेले, आम्ही अडवू शकलो नाही," हे वाक्य वाचून माझा तुमच्यावर विश्वास बसेल. नुसती यशोगाथा वाचून नाही बसत.

इथे एक बारीक खोच आहे. आप्पांकडचे जुने अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर ते उचलून ब्लॉगवर चिकटवू नका, नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल. युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर सगळीकडे नीट दिसणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घ्या. फोनवर मराठी कीबोर्डचा माईक दाबून बोललं तरी बऱ्यापैकी टाइप होतं, नंतर सुधारायचं. आणि बॅनरच्या चित्रात मजकूर कोंबायची जी पद्धत पडली आहे ती सोडा. गूगलच्या शोधात त्या मजकुराचा फारसा उपयोग होत नाही आणि चष्मा विसरलेल्या माणसालाही तो वाचता येत नाही.

कुणीतरी तुम्हाला सांगेलच की नोंदणीकृत संस्थांना गूगल महिन्याला 10 हजार डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती फुकट देतं. खरं आहे. पण त्या जाहिराती कुणी काही शोधलं तरच दिसतात. ऊसतोडीला गेलेल्यांची साक्रीतली पोरं कोण जेवू घालतं हे गूगलला विचारणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्या नादी पुढच्या वर्षी लागा.

अमेरिकेतल्या गृहस्थांना क्यूआर पाठवू नका. आधी एकच प्रश्न विचारा, पासपोर्ट कुठला आहे? भारताचा असेल तर ते परदेशात राहत असले तरी त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. बिनधास्त घ्या, पासपोर्टची प्रत फाईलला लावा. पण त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर गाव साक्री असो की धुळे, मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असो नसो, तो पैसा विदेशी अंशदान ठरतो आणि परदेशी देणग्यांसाठीच्या 2010 च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन वर्षांत किमान 15 लाख कामावर खर्च झालेले हवेत. तुमचा खर्च वर्षाला दोन-सव्वादोन लाखांचा दिसतो, म्हणजे ते दार सध्या बंद. "माझ्या भावाच्या खात्यावर टाकतो, तो तुम्हाला देईल," असंही ते प्रेमानं सुचवतील. त्यालाही नाही म्हणा. त्यांना सांगा, पैसे राहू द्या, तुम्ही सुरतेतल्या आणि पुण्यातल्या तुमच्या दहा वर्गमित्रांना फोन करा. अमेरिकेतून आलेल्या फोनला आपल्याकडे फार वजन असतं.

क्यूआर कोणाच्या नावाचा आहे ते पत्रात नाही. कार्यकर्त्याच्या खासगी खात्याचा असेल तर आजच बदला. पैसे टाकताना पडद्यावर संस्थेचं नाव उमटलं पाहिजे. माणसाचं नाव दिसलं की गावात काय बोललं जातं ते मी सांगायला नको.

80जीबद्दल, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणी बॅनरवर "कर वाचवा" लिहील म्हणून सांगते. 2,000 च्या वर रोख दिली तर देणाऱ्याला ती सवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना तर ही सवलतच नाही. शिवाय तुमचा लूमवाला आयकर भरत नाही. त्याला पावती हवी असते ती वेगळ्या कारणासाठी. तिच्यावर त्याच्या बापाचं नाव नीट लिहिलेलं असावं म्हणून. पावतीत "यांच्या स्मरणार्थ" अशी एक ओळ रिकामी ठेवा.

आणि मागायचं कधी, हिशेब द्यायचा कधी, याचं पंचांग बाहेर शोधू नका. श्रावणात कानबाईला मागा, कारण माणसं गावात असतात आणि दिवाळीला अजून वेळ असतो. संक्रांतीला आजीचा आवाज पाठवा, तेव्हा काही मागू नका. आणि हिशेब द्या आखाजीला. आपल्याकडे सालदाराचा, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा, हिशेब आखाजीलाच होतो, हे लूमवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. ऊसतोडीवरून आईबापही तोवर परतलेले असतात. एका कागदावर हातानं लिहा. आले किती, गेले किती, उरले किती, किंवा उसने किती झाले. त्या कागदाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवा. खाली आप्पांची सही. तुम्ही सालदार आहात आणि यादीतले सगळे जण मालक, हे एकदा त्यांना दिसू द्या. मग पुढच्या श्रावणात तुम्हाला मागावं लागतं का ते मला कळवा.

पण हे सगळं नंतर. आज संध्याकाळी आठनंतर ते नऊ फोन करा. पाळी सुटलेली असते, जेवण व्हायचं असतं. पैशांचा विषय काढू नका. "तुमचे पैसे पोचले, पोरं जेवली, उशीर झाला सांगायला," एवढंच. त्यातला एखादा विचारेल, मुलं सध्या कुठे आहेत, सुट्टीत काय करतात. त्याच्याशी बोला, घाई करू नका.

ता. क. पेज बंद करू नका, राहू द्या. बूस्टसाठी जोडलेलं कार्ड तेवढं काढून टाका.